अठ्ठेचाळीस पानांत

३ फेब्रुवारी, मंगळवार

संगणक चालू झाला! लेक परदेशी गेली तेव्हा ठेवून गेली होती. "आई, रोज थोडं थोडं शिक." तीन वर्षं मी रोज थोडी थोडी धूळ पुसली. आज टायपिंगवालीने वायर खोचली, बटण दाबलं आणि म्हणाली, "काकू, बिघडलेला नव्हताच. लावलेला नव्हता."

टायपिंगवाली म्हणजे वरच्या मजल्यावरची. घरबसल्या लोकांचे अर्ज, प्रबंध, काय वाट्टेल ते टाइप करते. तोंड आणि बोटं एकाच वेगाने चालतात.

कारण लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच विचारीन की हे खूळ कुठून आलं. काल धाकटा आला होता. माझा भाऊ — साठी उलटली तरी मला धाकटाच. चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली. आता हात थरथरतो, दुकान बंद करतोय. त्याचा मुलगा, माझा भाचा, एप्रिलमध्ये येऊन त्याला आपल्याकडे नेणार म्हणतो. रेल्वेने दोन दिवसांचा रस्ता! धाकट्याने एक जाड वही टेबलावर ठेवली. वर त्याच्या अक्षरात: 'घरच्या घरी शिलाई मशीन दुरुस्ती'. शंभर प्रती काढायच्यात, जुन्या गिऱ्हाइकांना वाटायला.

"एखाद्या दुकानातून लावून घे ना पानं," मी म्हटलं.

"नको ताई. तूच लाव. तू प्रत्येक पान बघशील."

बघेन की. तीस वर्षं प्रेसमध्ये मजकूर-चित्रं कापून पानांवर चिकटवण्याशिवाय दुसरं केलंय काय?

५ फेब्रुवारी, गुरुवार

वही टायपिंगवालीला दिली. ती टाइप करणार, चित्रं स्कॅन करणार, पानं मी लावणार. पण कशात?

"पत्र लिहायचं असतं ना, त्यातच लावा की. सगळे लावतात."

सगळे लावतात म्हणून तर सगळ्यांची पानं तशी दिसतात! चित्र एक रेघ खाली सरकवलं की पुढच्या दहा पानांचा विस्कोट. मला पान लावायचं खरं सॉफ्टवेअर पाहिजे. स्वस्त पाहिजे. घरच्या माणसाला झेपेल असं पाहिजे. मोठे छापखाने जे वापरतात त्याला दर महिन्याला भाडं — भरलं नाही की आपल्याच पुस्तकाला कुलूप.

प्रेसचे मालक आठवले. पहिला संगणक आला तेव्हा म्हणाले होते, "बाई, शिकून घ्या. पुढे हेच चालणार." मी काय म्हटलं? "माझी कात्री चुकेल त्या दिवशी शिकेन." अडून बसले. कात्री काही चुकली नाही, पण सहा महिन्यांत माझं टेबलच उचललं गेलं. तेव्हा तोंड मिटून शिकले असते तर आज सदुसष्टाव्या वर्षी माउस धरायला दोन हात लागले नसते.

११ फेब्रुवारी, बुधवार

पहिलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. तीस दिवस फुकट वापरून बघा म्हणे. चार हजार तयार चित्रं! फुगे, केक, टोपी घातलेली मांजरं. वाढदिवसाचं कार्ड करायचं असेल तर झकास. मला मांजराला टोपी घालायची नाही हो, मला समास हवाय! समास कुठे बदलायचा ते शोधण्यात दुपार गेली. मग आपली अक्षरं टाकली तर जोडाक्षरं फुटली. 'दुरुस्ती'तला स एकीकडे, ती एकीकडे, मधे पाय मोडलेला.

काढून टाकलं.

१२ फेब्रुवारी

काढून टाकलेलं सॉफ्टवेअर दर तासाला 'परत या' म्हणतंय. एवढ्या विनवण्या मला आयुष्यात कोणी केल्या नाहीत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरं सॉफ्टवेअर. हे कायमचंच फुकट, आणि अक्षरंही धड दिसतात. पण लेकीचा हा जुना संगणक त्याच्यापुढे धापा टाकतो. एक चौकट सरकवायची आणि चहा करून यायचं. चहा पिऊन झाला तरी चौकट वाटेतच! दिवसभरात दोन पानं आणि पाच चहा.

टायपिंगवालीने टाइप केलेली फाइल आणून दिली. "तुमचे भाऊ छान लिहितात हो काकू. एका ठिकाणी तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

बॉबिनमध्ये दोरा कसा भरावा हे वाचून? हिच्या डोळ्यांना चष्मा लागलाय, दुसरं काही नाही.

मी अजून वाचलेलं नाही. खरं म्हणजे मी वाचत नाहीच. प्रेसमधल्या पहिल्या आठवड्यात मालकांनी शिकवलं होतं, "मजकूर वाचत बसलात तर पान कधी लागायचं? लांबी-रुंदी बघा." शेकडो पुस्तकांची पानं चिकटवली या हातांनी, वाचलं एकही नाही. लोकांना याचं हसू येतं. मला त्याचा अभिमान होता.

२२ फेब्रुवारी, रविवार

धाकट्याचा फोन. "ताई, बघितलंस का?"

"अरे, अजून सॉफ्टवेअरच ठरत नाही."

"बरं बरं. सावकाश." मग उगीच खोकला. "मागच्या खोलीत काय असतं गं हल्ली?"

"रद्दी," म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, रद्दी कशाला म्हणाले? रिकामीच तर आहे. दोन गठ्ठे उचलले की संपलं.

आज लिहूनच टाकते. आठ वर्षांपूर्वी धाकट्याची बायको वारली, तेव्हा तो माझ्याकडे महिनाभर राहायला आला होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी बघते तर नव्या चादरीवर तेलाचे डाग. कोणाच्या तरी मशीनचा पार्ट उशाशी घेऊन झोपला होता — हाताला चाळा हवा असेल बिचाऱ्याला. आणि मी? "हे घर आहे, तुझं दुकान नाही!" एवढं वाक्य. चढ्या आवाजात. दुपारी त्याने पिशवी भरली, "दुकान उघडायला हवं" म्हणून निघून गेला. त्यानंतर आला की बाहेरच्या खुर्चीवर बसतो, चहा पितो आणि जातो. खुर्चीवर बसायच्या आधी हात पँटला पुसतो.

ती चादर अजून आहे. डाग निघाले नाहीत. आता निघायला नकोतच असं वाटतं.

ठरवलंय. पुस्तक हातात देईन आणि त्याच वेळी म्हणेन: जाऊ नकोस, इथे राहा. नुसतं तोंडाने म्हणायला जीभ रेटत नाही. हातात काहीतरी हवं. पुस्तक एप्रिलच्या आत झालंच पाहिजे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं! तिसरं. पडद्यावरची खिडकी निळी, म्हणून मी त्याला निळू म्हणते. जोडाक्षरं शाबूत. समास पहिल्या पानावरच विचारतो. चौकट सरकवली की सरकते, चहाला जायची गरज नाही. इंटरनेट नसलं तरी चालतो. आणि एकदाच पैसे भरायचे.

घरगुती आवृत्ती स्वस्त, मोठी आवृत्ती चौपट महाग. फरक काय? घरगुतीत एका पुस्तकाला अठ्ठेचाळीस पानांची मर्यादा. मी हसले. छापताना एका मोठ्या कागदावर सोळा पानं बसतात, तो एक फर्मा; अठ्ठेचाळीस म्हणजे बरोब्बर तीन फर्मे! छापणाराही खूश. यापुढचं एक पान वाढलं तरी आणखी कागद वाया. घरगुतीच घेतली.

टायपिंगवाली म्हणाली, "एवढ्या चौकशीत लोक घर घेतात काकू."

९ मार्च, सोमवार

बावीस पानं लागली. सुईची चित्रं काय सुंदर काढलीत त्याने! थरथरत्या हाताने काढलीत हे कोणाला खरं वाटणार नाही. एक आकृती तर मी तासभर मध्यावर आणत बसले. निळूत एक सोय आहे: आठ पानं एकदम दिसतात, लहान करून. अक्षरं कळत नाहीत, नुसत्या करड्या पट्ट्या आणि काळी चित्रं. प्रेसमधलं माझं लाइट टेबल, खालून उजेड येणारी ती पानं लावायची काच, परत मिळालं!

पाठ दुखते आहे. पण बरं वाटतंय. कोणी "बाई, पान झालं का?" म्हणेल असं सारखं वाटतं.

१८ मार्च, बुधवार

घोळ. सगळं लावलं आणि एकोणपन्नासावं पान निघालं! त्यावर अकरा ओळी.

अकरा ओळींसाठी चौपट किमतीची आवृत्ती? ह्या! टायपिंगवाली म्हणते, दोन फायली करा. पुस्तकाचे दोन तुकडे? अक्षर अर्धा पॉइंट लहान केलं असतं तर बसलं असतं, पण त्याची गिऱ्हाइकं माझ्याच वयाची, त्यांना मोठं अक्षर हवं. समास कमी करायचा? माझ्या पानाला चिंचोळा समास? मेले तरी नाही.

मग जुनाच उपाय. मालक म्हणायचे, "दहा ओळी कापल्या म्हणून कुठलाच मजकूर मरत नाही." आठ-आठ पानं पडद्यावर घेतली आणि पट्ट्या बघत गेले. चित्राला हात लावायचा नाही. आकडे घातलेल्या कृतीला हात लावायचा नाही — एक पायरी गेली तर कोणाच्या तरी बोटात सुई जायची. तेलाच्या प्रकरणात एक परिच्छेद सापडला. वर जागा, खाली जागा, चित्र नाही, आकडा नाही, नुसता मजकूर. मोजल्या: अकरा ओळी! मापून शिवल्यासारख्या. उचलला, टाकला. मागची सगळी पानं सुळकन वर सरकली आणि शेवटची ओळ अठ्ठेचाळीसाव्या पानाच्या तळाला येऊन टेकली.

टाळी वाजवली मी. एकटीनेच!

त्याला विचारायला हवं होतं का? पण एवढ्यासाठी काय विचारायचं. प्रेसमध्ये कोणी विचारत नसे.

२० मार्च, शुक्रवार

धाकट्याचा फोन. "ताई, सगळी पानं बघितलीस?"

"सगळी. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस."

"तेलाचं पण?"

"तेलाचं पण. फार छान बसलंय ते प्रकरण."

तो म्हणाला, "म्हणजे... मग बोलू आपण, पुस्तक आलं की." आवाज इतका हलका, लहानपणी चिंचा चोरून आणायचा तेव्हासारखा. पुस्तकाचं एवढं अप्रूप! मला आधी का सुचलं नाही त्याच्यासाठी असं काही करायचं?

२५ मार्च, बुधवार

अक्षरतपासणी संपली. जुन्या पद्धतीने, शेवटच्या ओळीपासून वर वर. म्हणजे अर्थात गुंतायला होत नाही, चूक चटकन दिसते. एकोणीस चुका. सगळ्या टायपिंगवालीच्या.

मागच्या खोलीतली रद्दी दिली. खिडकी पुसली. पलंगाची दिशा बदलली — टेबल खिडकीपाशी हवं, त्याला उजेड लागतो.

५ एप्रिल, रविवार

पुस्तकं आली. सकाळी धाकट्याला बोलावलं.

कसं लिहू. मनात होतं तसं काहीच झालं नाही.

त्याने हात पँटला पुसले आणि पुस्तक घेतलं. मुखपृष्ठ बघितलं नाही, पहिलं पानही नाही. थेट तेलाचं प्रकरण काढलं. एक पान पुढे गेला, एक मागे. बोट ओळींवरून खाली नेलं, परत वरून खाली. मी मनात म्हणत होते, शोध बेट्या, एक चूक काढून दाखव! मग त्याने पुस्तक मिटलं. गुडघ्यावर ठेवून नीट सरळ केलं.

"छान झालंय ताई. जास्तीचं काही राहिलं नाही."

पान लावणाऱ्याला याहून मोठी शाबासकी नाही. मी फुगलेच. मग घसा साफ केला — आता म्हणायचं, राहा इथे — तेवढ्यात तोच म्हणाला, "पोराला आज हो कळवून टाकतो."

"अजून कळवलं नव्हतंस?"

"नव्हतं."

तेव्हा तरी म्हणायचं ना! खोली पुसून ठेवली होती. जिभेवर शब्द होते. पण मनात आलं, याने ठरवलंय, मुलाच्या हक्काच्या घरी चाललाय, मी कशाला आडवी येऊ? नाही म्हणाला तर? आणि लोक भाच्याला नावं ठेवतील, बापाला बहिणीच्या दारात सोडलं म्हणून. मी म्हटलं, "बरं केलंस. मुलगा तो मुलगा."

हे मी म्हटलं. माझ्याच तोंडाने.

त्याने मान हलवली. चहा अर्धा ठेवला.

६ एप्रिल

मागच्या खोलीचं दार लावून घेतलं.

१२ एप्रिल, रविवार

गेला. भाचा टॅक्सी घेऊन आला होता. सामान काय, एक पेटी. त्याचं स्वतःचं मशीन विकून टाकलं म्हणे. "तिकडे ठेवायला जागा नाही आत्या," भाचा म्हणाला. पोरगा वाईट नाही. सारखा घड्याळ बघत होता एवढंच.

धाकटा माझ्या पाया पडला. कधी पडत नाही. "ताई, मनात काही ठेवू नकोस हं. मी पण नाही ठेवलेलं." मला वाटलं, चादरीचं म्हणतोय. म्हटलं, "मी तर केव्हाच विसरले." खोटं. रोज आठवते. त्याला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं की विसरले नाही, लाज वाटते मला.

टॅक्सी वळेपर्यंत उभी राहिले. त्याने मागे बघितलं नाही.

३० एप्रिल, गुरुवार

फोन केला. भाच्याने घेतला. "बाबा बरे आहेत आत्या. फक्त बोलत नाहीत फारसे. गॅलरीत बसून असतात." मग त्याला दिला.

"काय करतोस दिवसभर?"

"काही नाही. बसतो."

"इकडे ये चार दिवस," मी म्हटलं. शेवटी म्हटलंच!

"नको गं ताई. कशाला उगीच तुला अडचण." आणि फोन भाच्याकडे गेला.

अडचण? मी कधी म्हटलं अडचण? आठ वर्षांपूर्वीचं ते एक वाक्य कुठवर पुरणार आहे?

१४ मे, गुरुवार

जिन्यात टायपिंगवाली भेटली. हातात भाजीची पिशवी. तिच्या मागे लागलेलं काम, नवरा, उकाडा, सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "मग काकू, तुमचे भाऊ कधी येणार राहायला? खोली तर छान आवरलीत तुम्ही. मी खिडकीतून बघितलं मागे."

"कोण म्हणालं तो राहायला येणार?"

"अहो, म्हणजे — त्यांनीच विचारलंय ना तुम्हाला. पुस्तकात. तेलाच्या इथे." मग माझ्याकडे बघून तिचे हात थांबले. तोंडही थांबलं. पहिल्यांदाच.

१५ मे, शुक्रवार

टायपिंगवालीची मूळ फाइल उघडली. तेलाचं प्रकरण. पुस्तकात जिथे कृती संपून लगेच चित्र आहे, तिथे मधे हे आहे. जसंच्या तसं उतरवते.

'ताई, हे तू वाचशीलच, म्हणून इथे लिहितो. तोंडाने जमत नाही. मुलगा चांगला आहे, पण त्याच्या घरात माझ्या हाताला काम नाही. तुझी मागची खोली रिकामी असेल तर मी येऊ का? सामान एक पेटी आणि एक मशीन. या वेळी चादरीला तेल लागू देणार नाही. तुला नको असेल तर काही बोलू नकोस, हे एवढं पुस्तकातून काढून टाक. मी समजेन, आणि पुन्हा विषय काढणार नाही. हो असेल तर असू दे, छापलं गेलं तरी चालेल.'

अकरा ओळी. मोजून काढल्या होत्या मी.